राखणदार निवडण्यात गेलेला महिना

माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवाल्याने पाच वांगी दिली तर मी पाचही उलटून पाहते, रिक्षात बसण्याआधी भाडं दोनदा विचारते आणि गॅस बंद केलाय की नाही हे बघायला निम्म्या जिन्यावरून परत येते. घरात यावरून चेष्टा होते. मुलगी पुण्याला नोकरीला आहे, ती फोनवर म्हणते, "मम्मी, तुझ्या लॅपटॉपला अँटिव्हायरस कशाला पाहिजे, तू आहेस की." पहिल्यांदा ती असं म्हणाली तेव्हा मी खळखळून हसले होते. आता मात्र त्या महिन्याची आठवण झाली की मला स्वतःचा राग येतो.

मी मराठी टायपिंग करते. सव्वीस वर्षं झाली. आधी सोलापूरच्या भवानी पेठेत एका बोळातल्या खोलीत, आता जुळे सोलापुरात आमच्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर. लग्नपत्रिका, बचत गटांचे अहवाल, कोर्टातले अर्ज, पीएचडीचे प्रबंध, जे येईल ते. नवरा एसटीत आहे, त्याला या कामात काडीचा रस नाही. पण उन्हाळ्यात माझा जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा तोच तो स्कूटरवर पायांत धरून दुकानात घेऊन गेला.

दुकानदार जुन्या ओळखीचा. भवानी पेठेतलाच, विणकराच्या घरातला. आईशी फोनवर तेलुगूत बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि भाव पाडून मागणाऱ्याशी कुठल्याच भाषेत बोलत नाही. त्याने कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाला, "ताई, बोर्ड जळलाय. ह्याची सेवा संपली आता." हार्ड डिस्क तेवढी शाबूत होती. ती काढून त्याने एका डबीत बसवली, वायर लावून दिली आणि शेजारी नवा लॅपटॉप मांडला. मग विचारलं, "अँटिव्हायरस कुठला टाकू? फुकटचा का विकतचा?"

हा प्रश्न त्याने विचारावा याचंच मला नवल वाटलं, कारण सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या कॉम्प्युटरमध्ये मराठी टाकलं ते यानेच. "मराठी टाकणं" हा आमच्या धंद्यातला शब्द. कॉम्प्युटर यायचा तेव्हा त्याला मराठी यायचं नाही, ते वरून टाकून घ्यावं लागायचं. मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याची सीडी सोलापुरातल्या टायपिंगवाल्यांत हातोहात फिरायची. कुणीतरी कधीतरी कुठून तरी आणली, बाकीच्यांनी तिच्यावरून उतरवून घेतली. विकत घेतलेली सीडी मी आजवर एकही पाहिलेली नाही. टाकायची रीतही ठरलेली होती. आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग मराठी टाकायचं, आणि नंतर अँटिव्हायरस पुन्हा चालू करायचा नाही. त्या सीडीत सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणारी एक बारकी फाइल असायची, ती दिसली की अँटिव्हायरस तिला विषाणू ठरवून उचलून फेकायचा आणि मराठी बंद पडायचं. म्हणून आम्ही सगळेच कॉम्प्युटर उघडे ठेवून कामं करायचो. त्यात वावगं काही आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

माझ्या मनात आलं ते गेल्या वर्षी. एक विद्यार्थिनी प्रबंधाचा पेन ड्राइव्ह घेऊन आली होती. मी तो माझ्या कॉम्प्युटरला लावला आणि तिच्या सगळ्या फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसायला लागले. दोन वर्षांचं काम होतं तिचं. शेवटी दुकानदाराने फाइली हुडकून काढल्या, त्या आतच दडून बसल्या होत्या. पण तोवर ती पोर माझ्या हॉलमधल्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. आणि विषाणू तिच्याकडून आलेला नव्हता, माझ्याकडून तिच्याकडे गेला होता. त्या दिवशी मी ठरवलं, नवीन मशीन येईल तेव्हा आधी राखणदार बसवायचा आणि मगच कुणाचाही पेन ड्राइव्ह लावायचा. स्वतःची हार्ड डिस्कसुद्धा त्याआधी जोडायची नाही.

नियम चांगलाच होता. अडचण एवढीच की त्या हार्ड डिस्कमध्ये सरांचं पुस्तक होतं.

सरांनी मला आठवी ते दहावी मराठी शिकवलं. मूळचे केम गावचे. आमच्या बौद्ध वस्तीतल्या कितीतरी पोरांना त्यांनी मागे लागून लागून दहावीच्या पलीकडे ढकललं, त्यांतली मी एक. आता वय ऐंशीच्या पुढे. वर्गात शुद्ध बोलायचे, म्हातारपणी मात्र पुन्हा केमचं बोलायला लागलेत. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या लहानपणावर आठ लांब वह्या लिहिल्या. मी त्या टाइप केल्या, दोनदा प्रुफं काढून दिली, त्यांनी भिंग लावून तपासली. छापायचं मात्र मागे पडत गेलं. मध्यंतरी ते मुलाकडे राहायला आले, आमच्यापासून दोन चौक पुढे, आणि जुनं घर आवरताना वह्या रद्दीत गेल्या. मी हळहळले तर म्हणाले, "आता तुझ्याकडं हाय की." प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर माझ्या मुलीने बारावीची गणितं सोडवली होती, तेही कधीच गेले होते. म्हणजे सगळं पुस्तक त्या डबीतल्या डिस्कवर.

लॅपटॉप घरी येऊन तीन दिवस झाले आणि सरांचा फोन आला. त्यांची नजर उतरत चालली होती. डोळ्यातल्या पडद्याचा आजार. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही आणि आहे ते किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही.

"छापायचं ऱ्हाऊ दे," सर म्हणाले. "मोठ्या अक्षरात एक प्रत काढून दे मला. दिसतंय तोवर एकदा सलग वाचायचंय."

"आठवड्यात देते, सर," मी म्हणाले. खरोखर आठवड्याचंच काम होतं.

पण आधी राखणदार. मुलीला विचारलं. ती म्हणाली, "लॅपटॉपसोबत फुकटचा आलाय तोच पुष्कळ आहे. दिसेल त्यावर क्लिक करू नको, बास." दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडं दहा जणांचे दहा पेन ड्राइव्ह येणार. विकतचा घ्या, वर्षभर डोक्याला ताप न्हाय." मला दोघांचंही पटलं आणि दोघांवरही विश्वास बसला नाही. मुलीच्या पिढीला नकाशापासून गाण्यांपर्यंत सगळं फुकट मिळालंय, तिला फुकटचं वाईट कसं दिसणार? आणि दुकानदार विकतचा घ्या म्हणणार नाही तर काय म्हणेल, त्याचं दुकान आहे.

मग मी स्वतः अभ्यासाला बसले. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक जण म्हणे, फुकट देणारा तुमची माहिती विकून पोट भरतो. दुसरा म्हणे, विकतवाले नुसती भीती विकतात. तिसऱ्याने अर्धा तास तटस्थपणे बोलून शेवटी स्वतःचीच जाहिरात केली. मला प्रत्येकाचं थोडं थोडं खरं वाटायचं. आमच्या सोसायटीत वॉचमन ठेवायचा की नाही यावर दोन वर्षं बैठका चालल्या होत्या, तसं माझं एकटीचं चाललं होतं. त्या दोन वर्षांत गेटवर एक तांबडा कुत्रा असायचा. त्याला कुणी नेमलं नव्हतं. तो परक्यावर भुंकायचा आणि आम्हाला बघून शेपूट हलवायचा. पुढे वॉचमन आला, त्याने पहिल्याच दिवशी माझ्या सख्ख्या बहिणीला खाली थांबवून वहीत सही करायला लावली. बहीण चिडली. मला मात्र तो माणूस आवडला होता. असं आहे माझं.

पाच-सहा दिवसांनी सरांचा फोन यायचा. "झालं का गं?"

"राखण बसवते आणि लगेच देते, सर."

"कसली राखण?"

मी समजावून सांगायची. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं, बरं. घाई न्हाय."

घाई होती. त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. पण त्यांच्या त्या वाक्याचा मी सोयीस्कर अर्थ घेतला आणि आणखी एक व्हिडिओ लावला.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीला मी विकतचा घेतला. पाकिटातल्या कार्डावरची चंदेरी पट्टी नखाने खरवडली, आकडे एकेक करून भरले, आणि खरं सांगते, छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा मी कॉम्प्युटरमधली एखादी गोष्ट रीतसर विकत घेतली होती. मग हार्ड डिस्क जोडली आणि राखणदाराला सांगितलं, बघ बाबा, काय काय आहे ते.

सकाळभर त्याने तपासलं. सात धोके सापडले. नावं लांबलचक, इंग्रजीत, निम्मी आकड्यांची. खाली दोन बटणं होती. एकाचा अर्थ, बाजूला ठेवू का. दुसऱ्याचा अर्थ, कायमचं काढून टाकू का. मी माझ्या स्वभावाला जागले. सापडलेला चोर बाजूला कशाला ठेवायचा? दुसरं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली, तुम्ही सुरक्षित आहात. मी चहा टाकला, आरामात प्यायले आणि मग सरांची फाइल उघडायला बसले.

फाइल उघडेना. तिच्यावर चित्र नव्हतं, नुसता पांढरा कागद. लॅपटॉप विचारत होता, ही कशात उघडू? मी डिस्कवर मराठीचं सॉफ्टवेअर शोधलं. ते नव्हतं. सात धोक्यांतला एक धोका मराठी होतं.

त्या सॉफ्टवेअरची फाइल जतन करायची स्वतःची तऱ्हा होती. त्यात टाइप केलेलं दुसऱ्या कशात उघडत नाही. पुस्तक समोर होतं, फाइल केवढी ते दिसत होतं, तारीख दिसत होती, आणि आतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.  मुलीला फोन लावला.

"डिलीट कशाला केलंस, मम्मी? बाजूला ठेवायचं असतं ना आधी!" मग ती म्हणाली, "पण तुझं ते सॉफ्टवेअर चोरीचंच होतं ना? म्हणजे त्याने बरोबरच पकडलं की."

ती सहज बोलून गेली. मला ते लागलं. दर पौर्णिमेला विहारात मी हात जोडून पंचशील म्हणते. जे दिलेलं नाही ते घेणार नाही, हे त्यातलं दुसरं शील. इतक्या वर्षांत ते म्हणताना मला त्या सीडीची एकदाही आठवण झाली नव्हती. शेजारणीची वाटी परत करायची राहिली होती ती आठवायची, पण सीडी नाही. आणि त्याच सीडीवर मी घर चालवलं होतं, पोरीच्या फिया भरल्या होत्या. पैसे मोजून राखणदार आणला आणि त्याने पहिल्या दिवशी बोट दाखवलं ते माझ्याकडे.

सीडीची आठवण झाली आणि मी गॅलरीत धावले. जुळे सोलापुरात पारव्यांचा त्रास फार. लोक जुन्या सीड्या दोरीला बांधून गॅलरीत टांगतात, त्या उन्हात चमकल्या की पारवे येत नाहीत असा समज आहे. येतात. खुशाल सीडीखाली बसून घाण करतात. आमच्याकडे अशा चार टांगल्या होत्या, त्यांतली एक मराठीची. मार्करने लिहिलेलं नाव अर्धं उडालं होतं आणि मागचा चकाकता थर पापुद्र्यासारखा सुटून आला होता. मी ती पदराने पुसली. पुसताना आणखी एक पापुद्रा निघाला. तसंही नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती.

दुकानदार म्हणाला, "एवढंच व्हय? आणा लॅपटॉप, पाच मिन्टात टाकून देतो. अँटिव्हायरस बंद करू, मराठी टाकू, आन् त्याला सांगू, ह्या फायलीकडं बघायचं न्हाय."

"तो तुम्हीच विकलाय की मला!"

"मग? विकला म्हणून आपलं काम करायचं न्हाय काय?"

मी नको म्हणाले. आज विचार करते तेव्हा वाटतं, सगळं त्या एका शब्दात गेलं. पण तेव्हा मला शीलाचा भर आला होता. ज्या राखणदारासाठी तीन आठवडे घालवले त्याला लगेच डोळे मिटायला सांगायचं? आणि न दिलेलं पुन्हा घ्यायचं, तेही कळून सवरून? मी ठरवलं की या वेळी मराठी रीतसर विकत घेईन.

सॉफ्टवेअरच्या जुन्या माहितीपत्रकाची झेरॉक्स माझ्याकडे होती. तिच्यावरच्या नंबरला फोन लावला तर तो कुणा स्टेशनरीवाल्याने उचलला. ईमेल पाठवला, तो परत आला. आणखी चार ठिकाणी चौकशी केली. सगळीकडून तेच कळलं, ती कंपनी केव्हाच बंद झाली. दुसरी मराठीची सॉफ्टवेअरं मिळत होती, काही तर चक्क मोफत आणि रीतसर, पण त्यांत सरांची फाइल उघडत नव्हती. मी पैसे द्यायला तयार होते आणि घ्यायला कुणी नव्हतं. यात आणखी आठ दिवस गेले.

मग एके दिवशी सरांचा फोन आला. या वेळी त्यांनी झालं का विचारलं नाही. म्हणाले, "अगं, आज पेपरातला मथळा लागला न्हाय मला. मोठा असतोय, तरी लागला न्हाय. नुसतं सांगितलं आपलं."

मी फोन ठेवला, सरांची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि तशीच, घरातल्या चपलांवर, दुकानात गेले. दुकानदाराने माझा चेहरा बघितला. आतल्या खोलीत नेलं. तिथे एक जुनाट कॉम्प्युटर होता, धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर टॉवेल टाकलेला. त्याने टॉवेल काढला. "ह्यात मराठी हाय. जुनंच."

"आणि अँटिव्हायरस?"

"ह्याच्यावर? कधीच न्हाय टाकला. टाकला की मराठी जातंय की."

 सोलापूरभर अँटिव्हायरस विकणारा माणूस. पण त्याला काही म्हणायचं तोंड मला होतंच कुठे? मी पेन ड्राइव्ह लावला आणि फाइल उघडली. सगळं पान मराठीत समोर उभं राहिलं. दोन दिवस मी तिथे बसले, अक्षरं मोठी केली, ओळी सैल केल्या, पानं पाडली, छापून घेतली. माझ्या घरी विकतच्या पहाऱ्यातला लॅपटॉप मिटून ठेवलेला होता आणि काम मी या उघड्या मशीनवर करत होते. चोरी तीच होती. फक्त ती माझ्या घराऐवजी त्याच्या दुकानात केली म्हणून मला जरा कमी टोचत होती. याला ढोंग म्हणतात हे मला तेव्हाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जाडजूड बांधलेली प्रत घेऊन सरांकडे गेले. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. आवाजावरून ओळखलं आणि हात पुढे केला. मी प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आधी ती उघडली नाही.

"इतकं दिस कशानं लागलं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. फुकट की विकत यात गेलेले तीन आठवडे, सात धोके, मी दाबलेलं बटण, चोरीची सीडी, बंद पडलेली कंपनी, आणि शेवटी कुणाच्या मशीनवर काम केलं तेही. वर्गात उत्तर ऐकायचे तसे ते मान एका बाजूला कलती करून ऐकत होते.

"म्हंजे माझं पुस्तक चोरीच्या अक्षरात हाय म्हण की."

"हो, सर."

"आन् तू ते धुऊन काढाय महिना घातलास."

"हो."

त्यांनी प्रत उघडली, पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग खिडकीच्या उजेडात तिरपं केलं. खिशातून भिंग काढलं. नावाच्या ओळीवरून बोट फिरलं, त्यांनी नाव मोठ्याने उच्चारलं, पण ते वाचलं की आठवलं ते मला समजलं नाही. बोट खालच्या ओळीवर आलं आणि थांबलं. बराच वेळ तिथेच होतं. मग त्यांनी भिंग मिटून खिशात ठेवलं आणि पानांच्या कडा हाताने सारख्या केल्या.

"गेल्या महिन्यात वाचलं असतं," ते म्हणाले. आज ऊन जास्त आहे म्हणावं तसं म्हणाले.

मला वाटलं त्यांनी रागवावं. शाळेत रागवायचे तसं, उभं करून. "माझ्यामुळं झालं, सर," मी म्हणाले.

"डोळं माझं. तुझ्यामुळं कशाला जातील?" त्यांनी प्रत माझ्याकडे सरकवली. "तू वाच."

मी वाचायला लागले. केमचं स्टेशन. वडील रेल्वेच्या रुळावर मजूर, आणि त्यांची वाट बघत फलाटावर बसलेला पाच वर्षांचा मुलगा. त्याला स्टेशनच्या पाटीवरची दोन चिन्हं रोज दिसतात. एक दिवस तो हमालाला विचारतो, हे काय लिहिलंय? हमाल म्हणतो, तुझ्या गावाचं नाव. मुलगा इंजिनातून पडलेला कोळसा उचलतो आणि फलाटाच्या फरशीवर ती दोन अक्षरं काढतो, पुन्हा काढतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत काढत जातो. संध्याकाळी दमून आलेले वडील स्टेशनमास्तरांच्या हुकमावरून बादलीने पाणी आणून ती सगळी पुसतात. पुसून झाल्यावर अक्षरांची एक जोडी उरलेली असते, बाकाखालची. वडिलांनी ती बघितलेली असते. ते बादली उचलून चालायला लागतात.

मी थांबले. "सर, हे मला माहीतच नव्हतं."

"टाइप तूच केलंस की."

केलं होतं. दोनदा प्रुफंही सुधारली होती. पण टायपिंगमध्ये डोळा कागदावर असतो आणि बोटं आपोआप चालतात, मध्ये माणूस लागत नाही. सव्वीस वर्षांत हजारो पानं माझ्या बोटांखालून अशीच गेली. सरांचं पुस्तकही तसंच गेलं होतं. ते सांभाळायला मी जगातला उत्तम राखणदार शोधत होते आणि त्यात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

"केलं, सर," मी म्हणाले. "वाचलं नव्हतं."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "मग वाच आता. मला पाठ हाय. तुला न्हाय."

माझे डोळे भरून आले. पदर वर उचलला आणि मध्येच खाली सोडला, कारण सरांना ते दिसणार नव्हतं. मी पान उलटलं आणि आवाज सांभाळत पुढे वाचायला लागले.